गिरणी गेली, गोदी निघाली. आता जमिनीचा हिशेब मस्टरवर मांडा!

९ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर गिरणी कामगार आणि त्यांचे वारस जमले होते. मागणी नवी नव्हती. ज्या मुंबईत आमच्या बापजाद्यांनी गिरण्या चालवल्या त्या मुंबईतच आम्हाला घर द्या, एवढीच ती मागणी. सरकारने दाखवलेली जागा होती शेलू आणि वांगणी, म्हणजे बदलापूरच्याही पलीकडे. त्यातही १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात एक कलम असे घातले होते की, जो ही घरे नाकारील त्याचा हक्कच संपेल. कामगार रस्त्यावर आले तेव्हा कुठे ते कलम मागे घेण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले.

बारामती-इंदापूरच्या काही वाचकांना वाटेल, हा मुंबईचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पाणी आले, मागोमाग ऊस आला, साखर आली. परंतु पाणी कोणाच्या शेतात गेले? ज्याच्या नावावर सातबारा होता त्याच्या. आमच्या वाट्याला गावकीची चाकरी आणि त्या चाकरीबद्दल मिळालेला हाडकी-हाडोळ्याचा तुकडा होता. एका वतनात पन्नास घरे, आणि तुकडा तेवढाच. कालव्याच्या अलीकडे हिरवा ऊस आणि पलीकडे जिराईत माळ, हे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना दौंडला जाऊन मुंबईची गाडी का धरावी लागली, हे वेगळे सांगायला नको. दुष्काळ पडला की वाडेच्या वाडे रिकामे होत. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत, कोणी नगरपालिकेच्या झाडूखात्यात. आमच्याकडच्या कित्येक घरांत अजून ट्रंकेच्या तळाशी गिरणीचा पितळी बिल्ला सापडतो. त्या बिल्ल्यावर नंबर असतो, नाव नसते.

गिरणीतही जात सुटली नव्हती. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी जास्त. परंतु तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार कसा हाती घेणार? म्हणून आमच्या माणसाला साचेखात्याचे दार बंद होते आणि कमी मजुरीचे रिंग खाते मोकळे होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्ट मांडला. मालकाशी लढताना कामगारांनी आपल्यातल्याच कामगारावर लादलेली बंदी आधी उठवा, हे त्यांचे म्हणणे होते. त्याच १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी महार वतनाचे बिल आणले. गावातली वतनाची बेडी आणि शहरातले गिरणीचे दार, हे दोन्ही प्रश्न बाबासाहेबांनी एकाच वर्षी हाती घेतले, ही गोष्ट आजच्या चर्चेत ध्यानात ठेवली पाहिजे. कारण आजही प्रश्न तेच दोन आहेत: काम कोणाचे आणि जमीन कोणाची?

एका शब्दाने पाच एकरांचे सत्तावीस गुंठे केले

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटला असे आजही म्हणता येत नाही. कामगार गावी आला. कोणी गवंड्याच्या हाताखाली लागला, कोणी ऊस तोडायला गेला. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि मग मालकांच्या लक्षात आले की, कापडापेक्षा गिरणीखालची जमीन जास्त मोलाची आहे. ही जमीन सुमारे ६०० एकर, आणि तीही ऐन मुंबईच्या मध्यावर.

१९९१ साली सरकारने विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आणला. गिरणीची जमीन विकायची वा तिचा पुनर्विकास करायचा तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी, आणि एक मालकाला. या नियमाचे महत्त्व आमच्या चळवळीने तेव्हा पुरेसे ओळखले नाही, हे आम्ही कबूल करतो. उद्योग संपल्यावर त्याच्या जमिनीत मालकाखेरीज इतरांचाही वाटा असतो, हे तत्त्व प्रथमच कागदावर आले होते. मालकांनी ते पुरते ओळखले. दोन वाटे सोडावे लागतात म्हणून त्यांनी दहा वर्षे जमिनी बाहेर काढल्याच नाहीत.

मग २००१ साली नियम बदलला. तीन वाटे कायम राहिले. फक्त ते वाटे ‘मोकळ्या’ जमिनीचे करायचे असे ठरले. म्हणजे ज्या जागेवर आधीपासून गिरणीची इमारत उभी होती ती जागा हिशेबात धरायची नाही. दिसायला किरकोळ शब्द. परंतु त्याचा हिशेब करून पाहा. समजा, पंधरा एकरांची गिरणी आहे. तेरा एकरांवर खाती, गोदामे, चिमणी. दोन एकर मोकळे. जुन्या नियमाने घरांसाठी सुमारे पाच एकर मिळाले असते. नव्या नियमाने दोन एकरांचा तिसरा हिस्सा, म्हणजे सत्तावीस गुंठे! एका शब्दाने पाच एकरांचे सत्तावीस गुंठे केले. ना लाठीमार झाला, ना गोळीबार.

या बदलाविरुद्ध जनहित याचिका झाली. १७ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, इमारती पाडल्यावर मोकळी होणारी जागाही मोकळीच धरली पाहिजे. पाच महिन्यांच्या आत, ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. उच्च न्यायालयाच्या निकालाआधीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारच्याच कंपनीने, गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या होत्या. लोअर परळची सुमारे सतरा एकरांची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना गेली, दादरची कोहिनूर मिल ४२१ कोटींना. आज तेथे काचेचे मनोरे आहेत, मॉल आहेत, कार्यालये आहेत. त्या मनोऱ्यांत आमची माणसे नाहीत असे नाही. ती आहेत. दारावर वॉचमन म्हणून आणि संडास धुणारे म्हणून आहेत.

आणि कामगार? म्हाडाकडे घरासाठी आलेल्या अर्जांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली मोठी सोडत निघाली. त्यानंतर २०१६ आणि २०२० च्या सोडती धरून सुमारे सोळा हजार घरे. म्हणजे अकरा अर्जदारांत एक. बाकी दहांना शेलू-वांगणीचा रस्ता!

मस्टर हाच आमचा सातबारा

आता एक गोष्ट बारकाईने पाहा. घरासाठी पात्र कोण? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो. पुरावा कोणता? मस्टरची नोंद, हजेरीचे तिकीट, भविष्यनिर्वाह निधीची पावती, विमा रुग्णालयाचे कार्ड. आयुष्यभर बिल्ल्यावरचा नंबर म्हणून जगलेल्या माणसाला पहिल्यांदा त्या नंबराने जमिनीवर काही हक्क दिला. परंतु ज्याचे नाव पटावर धड चढलेच नाही, कंत्राटदाराच्या हाताखाली ज्याने उभा जन्म काढला, त्याने काय दाखवायचे? ज्याचे घर पावसात गळले आणि कागद भिजले, त्याने काय दाखवायचे? आमच्यातील कित्येक विधवा आजही गिरणीच्या नावाचा एक कागद मिळावा म्हणून या कचेरीतून त्या कचेरीत जातात.

आम्हास जे सांगायचे आहे ते एवढेच. जमिनीचा हिशेब सातबाऱ्यावर आणि शहरात मालमत्ता पत्रकावर होतो. घामाचा हिशेब मस्टरवर होतो. उद्योग चालू असतो तोवर दोन्ही कागद कपाटात शेजारी शेजारी असतात. उद्योग बंद पडला की सातबारा तिजोरीत जातो आणि मस्टर रद्दीत जाते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीन धारण करण्यापासून दूर ठेवले गेले त्यांच्याजवळ मस्टरशिवाय दुसरा कागद नसतो. म्हणून उद्योगाच्या जमिनीचा प्रश्न हा आमच्यासाठी कामगारांचा प्रश्न आहे तसाच जातीचाही प्रश्न आहे. वर्गाचे राजकारण करणाऱ्यांना तो अर्धाच दिसतो.

इंदू मिलने काय शिकवले?

या सगळ्या इतिहासात एक अपवाद आहे. दादरच्या समुद्रकाठी, चैत्यभूमीला लागून इंदू मिलची सुमारे साडेबारा एकर जागा. इतर गिरण्यांप्रमाणे हीही वस्त्रोद्योग महामंडळाची. समुद्र समोर, दादर हाकेच्या अंतरावर. लिलावात निघाली असती तर काय बोली लागली असती, याची कल्पनाच करावी. ६ डिसेंबर २०११ रोजी आनंदराज आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन सेनेचे कार्यकर्ते आत शिरले आणि तेथे बसले. बरोबर एक वर्षाने, ५ डिसेंबर २०१२ रोजी, केंद्र सरकारने ही जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी देत असल्याचे संसदेत सांगितले. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. त्याला दहा वर्षे उलटली. दरम्यान पुतळ्याची उंची वाढली, खर्च वाढला, आणि काम पूर्ण होण्याची तारीख पुढे पुढे सरकत राहिली.

तरीही इंदू मिलचा धडा मोठा आहे. जो समाज संघटित होऊन उभा राहतो त्याच्यासाठी समुद्रकाठची जमीनसुद्धा बाजारातून बाहेर काढता येते. परंतु आम्ही स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. स्मारकासाठी जी एकजूट आम्ही दाखवली ती घरांसाठी का दाखवली नाही? स्मारक झालेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ज्या बाबासाहेबांचे स्मारक होत आहे ते १९४२ ते १९४६ या काळात देशाचे मजूरमंत्री होते. त्यांच्या पुतळ्याच्या सावलीत कामगाराचा नातू झोपडीत राहणार असेल, तर ते स्मारक अपुरे आहे असे आम्ही समजतो.

आता पाळी गोदीची

गिरण्यांचा खेळ संपला, आता मुंबईच्या पूर्व किनाऱ्याची पाळी आहे. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतची बंदराची जमीन. ससून डॉक, प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, भाऊचा धक्का, दारूखाना, कॉटन ग्रीन, शिवडी. ही जमीन बरीचशी समुद्र हटवून केलेली आहे आणि भरावाची पाटी मजुराच्याच डोक्यावरून गेली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी, बाबासाहेबांच्या जन्मदिनी, व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, त्यांत गोदी कामगार होते, आग विझवणारे जवान होते. या किनाऱ्याची किंमत अशीही मोजली गेली आहे.

मोठी जहाजे न्हावा-शेव्याच्या बंदराकडे वळली. मुंबईच्या गोदीतले काम आटले. २०१४ साली केंद्र सरकारने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ साली बंदराच्याच संस्थेला तिच्या हद्दीपुरते विशेष नियोजन प्राधिकरण करण्यात आले. क्षेत्र सुमारे ९६६ हेक्टर. म्हणजे गिरण्यांच्या सगळ्या जमिनीच्या जवळजवळ चौपट! योजना अशी की, जुन्या गोदामांच्या आणि वखारींच्या जागी घरे, कार्यालये, दुकाने, करमणुकीची ठिकाणे आणि समुद्रकाठचे फिरण्याचे रस्ते असे मिश्र वापराचे नवे शहर वसवायचे.

किनारा लोकांसाठी मोकळा व्हावा याला आमचा विरोध नाही. उंच भिंतींमागे शंभर-सव्वाशे वर्षे दडलेला समुद्र सर्वांना दिसला पाहिजे. प्रश्न असा आहे की, येथे जमिनीचा धनी आणि नियम करणारा एकच आहे. गिरणीच्या वेळी मालक निराळा होता, सरकार निराळे होते. तरी एका शब्दात घात झाला. येथे तर शब्द लिहिणारा हातच मालकाचा. त्यात ही जमीन केंद्र सरकारची, म्हणून तिच्यावरच्या झोपड्यांना राज्याची झोपडपट्टी पुनर्वसन योजना केंद्राच्या संमतीशिवाय लागू होत नाही. रे रोड, दारूखाना, कॉटन ग्रीनच्या कडेने राहणारी माणसे कोण आहेत? हमाल, जहाज तोडणारे, भंगार वेचणारे. त्यांच्यातल्या बहुतेकांचे नाव कोणत्याच मस्टरवर नाही. नव्या शहराच्या नकाशात त्यांची जागा कोणत्या रंगाने दाखवणार?

हे परदेशात आधी झाले आहे. लंडनच्या जुन्या गोद्या बंद पडल्यावर १९८१ साली तेथे स्वतंत्र विकास महामंडळ नेमले गेले. स्थानिक पालिकांचे नियोजनाचे अधिकार त्याच्याकडे गेले. तेथे कॅनरी व्हार्फचे मनोरे उभे राहिले, बँका आल्या. परंतु गोदी कामगारांच्या मुलांना त्या बँकांत नोकरी मिळाली नाही आणि नव्या इमारतींत घर परवडले नाही. लंडनच्या गोऱ्या कामगारांची ही गत, तर दारूखान्याच्या हमालाची काय होईल?

आपल्या दाराशी काय चालले आहे?

मुंबई लांब वाटत असेल तर इंदापूर तालुक्यात या. नीरा नदीच्या काठाने शेठ वालचंद हिराचंद यांनी ऊसमळे आणि साखर कारखाना उभारला, त्यातून वालचंदनगर झाले. त्या मळ्यांच्या जमिनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या होत्या. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, जमिनी सरकारजमा झाल्या आणि १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आणि रत्नपुरी असे त्याचे दोन मळे. पुढे महामंडळाचा कारभार बसला. खंडकरी शेतकरी जमीन परत मागत होते. दीर्घ लढ्यानंतर २०१२ च्या सुमारास ती परत मिळू लागली. ते न्याय्यच झाले, कारण त्यांच्या आजोबांचे नाव कागदावर होते.

परंतु त्या मळ्यांत पाणी धरणारा, ऊस लावणारा आणि तोडणारा मजूर? तीन पिढ्या महामंडळाच्या चाळीत राहिला. त्याची मागणी किती? राहते घर आणि दोन गुंठे जागा. हजारो एकरांच्या मळ्यात दोन गुंठ्यांसाठी त्याला वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले, मोर्चे काढावे लागले. खंडकऱ्याजवळ सातबारा होता, मजुराजवळ हजेरीपत्रक होते. मुंबईत जे घडले तेच वालचंदनगर-रत्नपुरीत घडले.

बारामतीतही कऱ्हेचा काठ आणि कालव्याची कड सुशोभित होते आहे. बागा, पदपथ, दिवे दिसायला छान आहेत. पण नदीकाठी आणि कालव्याकाठी कोण राहत आले? ज्याला गावात जागा नव्हती तो. काठ सुंदर झाला की काठाच्या जमिनीचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की काठावरचा माणूस अडचण वाटू लागतो. पुण्यात मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा ३०० कोटींचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये गाजला. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. १ ऑगस्ट १९५९ पासून वतने खालसा झाली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना विकू नये या शर्तीवर जमिनी परत मिळाल्या. ही शर्त आमच्या संरक्षणासाठी होती. जमिनीला भाव येताच ती कशी वाकवली जाते, हे आता सर्वांना कळले आहे.

म्हणून आम्ही चळवळीपुढे चार गोष्टी ठेवतो. एक, उद्योगाची जमीन नव्या वापराला काढताना घरांचा वाटा एकूण क्षेत्रावर धरला पाहिजे. ‘मोकळी’ किंवा ‘शिल्लक’ असले शब्द नियमात येऊ देता कामा नयेत. दोन, कामगार म्हणजे पटावरचा कायम नोकर एवढाच अर्थ नको. बदली, कंत्राटी, हमाल, सफाई कामगार यांची यादी उद्योग चालू असतानाच तयार करून प्रसिद्ध झाली पाहिजे. तीन, घर तेथेच किंवा त्याच शहरात. शेलू-वांगणी हा पर्याय असू शकतो, सक्ती असू शकत नाही. चार, मळ्यांच्या चाळीतील प्रत्येक मजूर कुटुंबाला राहत्या जागेचा उतारा पती-पत्नी दोघांच्या नावे मिळाला पाहिजे.

आणि हे सगळे कधी मागायचे? १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचना देण्याची मुदत असते. त्या मुदतीत बिल्डरांचे वकील कलमानुसार अर्ज देतात. आम्ही मात्र राजपत्र निघून गेल्यावर मोर्चा घेऊन जातो. मोर्चा हवाच, पण त्याच्या आधी अर्ज हवा. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणीही प्याले आणि त्याच तळ्याचा खटला उच्च न्यायालयापर्यंत जिंकलाही. आमच्या शिकलेल्या मुलांनी, वकिलांनी, अभियंत्यांनी नियमावली वाचायला बसले पाहिजे. गावोगावच्या विहारांत एक रविवार यासाठी द्यावा. ज्याच्या घरात गिरणीचे, गोदीचे, मळ्याचे कागद असतील त्यांच्या प्रती काढून एकत्र ठेवाव्यात.

ट्रंकेच्या तळाशी पडलेला तो पितळी बिल्ला भंगारात विकू नका. एक दिवस तोच तुमच्या नातवाचा सातबारा ठरू शकतो. जयभीम!